उसनवारीचे औदार्य

४ मे २०२० रोजी महाराष्ट्र शासनाच्या वित्त विभागाने एक शासन निर्णय काढला. विभागांना त्या वर्षासाठी मंजूर झालेल्या तरतुदींपैकी केवळ ३३ टक्के रक्कम वापरावी, उरलेल्या ६७ टक्क्यांना हात लावू नये, आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण यांसारखी खाती वगळता कोठेही नवी नोकरभरती करू नये, असा त्याचा आशय होता. टाळेबंदी सुरू होऊन तेव्हा जवळजवळ सहा आठवडे लोटले होते. कारखाने बंद, बाजार बंद, लाखो मजूर पायी आपापल्या गावाकडे निघालेले. ज्या घटकेला सरकारने बाजारात पैसा ओतावयास हवा, नेमक्या त्याच घटकेला देशातील अग्रगण्य म्हणविणाऱ्या राज्याने आपला हात आखडता घेतला. त्या वेळच्या राज्य सरकारला यासाठी दोष देणे सोपे आहे. परंतु मंत्रालयात त्या दिवशी कोणत्याही पक्षाचे लोक बसलेले असते तरी फारसे निराळे घडले नसते, आणि ते का घडले नसते याचा विचार करणे हे दोष देण्यापेक्षा अधिक अगत्याचे आहे.

राज्य सरकारला नोटा छापता येत नाहीत. कर्ज किती काढावयाचे, याची मर्यादा दिल्लीत ठरते. मंदी आली की विक्री घटते, घरांचे व्यवहार थांबतात, पेट्रोल कमी खपते आणि राज्याचे उत्पन्न सर्वांत आधी आटते. खर्चाची बाजू मात्र त्याच वेळी फुगते. कारण पोलीस, दवाखाने, शाळा, रेशन आणि पाणी ही सारी ओझी राज्यांच्या व त्यांच्या खालच्या संस्थांच्या खांद्यावर आहेत. देशातील एकूण सरकारी खर्चापैकी ६० टक्क्यांहून अधिक खर्च राज्ये करतात आणि एकूण महसुलापैकी ६० टक्क्यांहून अधिक महसूल केंद्राच्या हाती जमा होतो, हे पंधराव्या वित्त आयोगानेच नोंदवून ठेवले आहे. ही विषमता घटनेत जाणूनबुजून ठेवलेली आहे. तिच्याबरोबर एक कर्तव्यही ठेवलेले आहे. ज्याच्या हाती महसूल व चलन, त्याने संकटकाळी खालच्यांना पैसा पुरवावयाचा, असे ते कर्तव्य. २०२० साली त्या कर्तव्याची परीक्षा झाली.

परीक्षेचा निकाल २७ ऑगस्ट २०२० रोजी लागला. त्या दिवशी वस्तू व सेवा कर परिषदेची बैठक होती. २०१७ साली हा कर आला तेव्हा राज्यांनी मूल्यवर्धित कर, प्रवेश कर आणि इतर अनेक कर सोडून दिले. कर बसविण्याचा अधिकार हा लोकनियुक्त विधिमंडळाचा प्राण; तो राज्यांनी एका आश्वासनावर सोडला. पाच वर्षे तुमचे उत्पन्न दरसाल १४ टक्क्यांनी वाढले असे धरून जी तूट येईल ती आम्ही भरून देऊ, असे ते आश्वासन होते आणि ते भाषणात नव्हे, संसदेच्या कायद्यात लिहिलेले होते. ऑगस्ट २०२० मध्ये तूट २ लाख ३५ हजार कोटी रुपयांची दिसू लागली. तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी महामारीला देवाची करणी म्हटले, आणि यातली ९७ हजार कोटींची तूटच काय ती कराच्या अंमलबजावणीमुळे आलेली आहे, असा हिशेब राज्यांपुढे मांडला. राज्यांना दोन पर्याय देण्यात आले आणि दोन्ही पर्याय कर्जाचे होते. ज्याचे देणे लागतो त्यालाच सावकाराकडे पाठविण्याचा हा प्रकार होता. केरळ, पश्चिम बंगाल, पंजाब यांसारख्या राज्यांनी आवाज उठविल्यावर ऑक्टोबरात केंद्राने १ लाख १० हजार कोटींचे कर्ज स्वतः काढून राज्यांना द्यावयाचे कबूल केले. पुढील वर्षी १ लाख ५९ हजार कोटींचे काढले. हे कर्ज राज्यांच्या तिजोरीतून फेडावयाचे नव्हते, हे खरे. ते फेडण्यासाठी भरपाई उपकराची मुदत २०२२ वरून मार्च २०२६ पर्यंत वाढविण्यात आली, म्हणजे ते ग्राहकांच्या खिशातून फेडावयाचे होते. पण हक्काची भरपाई ही एकदा कर्ज या नावाने द्यावयाची गोष्ट ठरली, की तिचे स्वरूप कायमचे पालटते. त्यानंतर जे जे राज्यांना मिळाले त्यावर या पालटलेल्या स्वरूपाची छाया आहे.

त्याआधी मे महिन्यात राज्यांची कर्जमर्यादा स्थूल राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर नेण्यात आली होती. ४ लाख २८ हजार कोटी राज्यांना उपलब्ध झाले, असा त्याचा गाजावाजा झाला. वास्तविक यात केंद्राचा एक पैसाही नव्हता. राज्यांनी स्वतः उसनवारी करावी एवढीच परवानगी होती, आणि तीही सबंध मोकळी नव्हती. वाढीव दोन टक्क्यांपैकी अर्धा टक्काच बिनशर्त. उरलेल्यासाठी चार सुधारणांची परीक्षा: एक देश एक शिधापत्रिका, उद्योगसुलभता, वीज वितरण आणि नगरपालिकांचे उत्पन्न. यातील चौथी अट वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. मालमत्ता कराचे किमान दर जमिनीच्या सरकारी दरांशी निगडित करावेत आणि पाणी, गटारे व मलनिस्सारण यांच्या आकारणीचेही किमान दर ठरवून जाहीर करावेत, अशी ती अट होती. लोकांचे रोजगार बुडाले असताना, त्यांना दिलासा देण्यासाठी म्हणून जे कर्ज काढावयाचे, त्याची किल्ली पाणीपट्टीचे दर बांधण्यात! पाण्याच्या हंड्यासाठी मृणाल गोऱ्यांनी ज्या शहरात आयुष्य वेचले, त्या शहराच्या वर्तमानपत्रांनी या अटीला आतल्या पानावरही पुरेशी जागा दिली नाही. शहरांनी मालमत्ता कर नीट वसूल करू नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. बिल्डरांकडे थकलेला कर तर अवश्य वसूल व्हावा. पण ती गोष्ट नगरसेवकांनी आपल्या मतदारांसमोर उभे राहून ठरवावयाची असते. दिल्लीच्या कर्जपरवान्याची ती अट असू शकत नाही.

मग आली ऑक्टोबर २०२० ची योजना, जिचे सध्या सर्वाधिक कौतुक चालते: भांडवली खर्चासाठी राज्यांना ५० वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज. पहिल्या वर्षी १२ हजार कोटी, २०२२-२३ साठी १ लाख कोटी, २०२३-२४ साठी १ लाख ३० हजार कोटी आणि पुढे १ लाख ५० हजार कोटी, अशी तिची तरतूद वाढत गेली. ५० वर्षे बिनव्याजी म्हणजे जवळजवळ अनुदानच, असे अर्थशास्त्री सांगतात आणि आकड्यांपुरते ते चूक नाही. या पैशातून रस्ते व पूल झाले आहेत, तेही नाकारण्याचे कारण नाही. तथापि जे जवळजवळ अनुदानच आहे, ते सरळ अनुदान म्हणून का दिले नाही, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्याचे एक उत्तर घटनेच्या २९३ व्या अनुच्छेदात सापडते. ज्या राज्याकडे केंद्राचे कर्ज बाकी आहे, त्याला नवे कर्ज काढण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यावी लागते. बाराव्या वित्त आयोगाने, केंद्राने राज्यांना कर्ज देण्याची मध्यस्थी थांबवावी, अशी शिफारस केली होती. त्यानंतर केंद्राची जुनी कर्जे हळूहळू फिटत चालली होती आणि राज्ये या संमतीच्या जोखडातून कधी तरी मोकळी होण्याची शक्यता दिसत होती. आता प्रत्येक नव्या हप्त्याबरोबर ते जोखड आणखी ५० वर्षे पुढे जाते. व्याज नाही, पण ताबेदारी आहे आणि तिची मुदत आजच्या तान्ह्या मुलाच्या पन्नाशीपर्यंतची आहे. कर्जमर्यादेच्या प्रश्नावर केरळने डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि एप्रिल २०२४ मध्ये तो घटनापीठाकडे सोपविण्यात आला, तो उगाच नव्हे.

या कर्जाच्या शर्तीही पाहण्याजोग्या आहेत. २०२१-२२ मध्ये १५ हजार कोटींपैकी ५ हजार कोटी अशा राज्यांसाठी राखून ठेवले होते, जी आपल्या सार्वजनिक उद्योगांची निर्गुंतवणूक करतील किंवा सार्वजनिक मालमत्तेतून पैसा उभा करतील. म्हणजे घर विका, आम्ही बक्षीस देऊ. पुढे जुनी वाहने मोडीत काढणे, नगररचनेचे नियम बदलणे, नगरपालिकांना रोखेबाजारात उभे राहण्याजोग्या करणे, राज्याराज्यांत एकता मॉल बांधणे, अशा बाबींची भर पडली. केंद्रपुरस्कृत योजनांची नावे व फलक केंद्राने ठरविल्याप्रमाणेच लागले पाहिजेत, हीही एक अट. आरोग्य उपकेंद्रावर कोणती पाटी आहे यावर पुलाचे पैसे अवलंबून राहावेत, याला संघराज्य म्हणावयाचे असेल तर संस्थानांच्या काळातील रेसिडेंट साहेबही संघराज्यवादीच म्हणावे लागतील.

पण याहून गंभीर मुद्दा निराळा आहे. हे कर्ज केवळ भांडवली खर्चासाठी आहे. त्यातून रुग्णालयाची इमारत उभी राहते, परिचारिका नेमता येत नाही. शाळेचे वर्ग बांधता येतात, शिक्षकाचा पगार देता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांना दिलेल्या अनुदानाचेही तसेच: मुक्त निधी म्हणून जो भाग दिला, तोही वेतन व आस्थापना खर्चासाठी वापरावयाचा नाही. दगड, सिमेंट आणि लोखंड यांना केंद्राच्या लेखी उत्पादक स्थान आहे, माणसाला नाही. मंदीवरील उपाय म्हणून पाहिले तरी हे उफराटे आहे. सफाई कामगाराच्या, अंगणवाडी मदतनिसाच्या हाती पडलेला रुपया आठवड्याच्या आत वाण्याकडे, कापडवाल्याकडे आणि तेथून पुढे जातो. मोठ्या कंत्राटाचा रुपया यंत्रे, निविदा आणि नफा यांच्या वाटेने फिरत राहतो व गावात थोडाच उतरतो. महामारीत घरोघर जाऊन तपासणी केली ती आशा सेविकांनी, आणि जून २०२१ मध्ये त्यांनाच थोड्याशा मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले. भांडवली खर्चाच्या कोणत्याही कोष्टकात त्यांना स्थान नव्हते.

पैसा नव्हता, हे उत्तर आम्हांस मान्य नाही. महामारीच्या सहा महिने आधी, २० सप्टेंबर २०१९ रोजी, कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणि नव्या कारखान्यांसाठी १५ टक्क्यांवर आणण्यात आला. १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडल्याचे सरकारनेच सांगितले. कंपनी कर हा राज्यांबरोबर वाटून घ्यावयाचा कर आहे; त्या वेळी राज्यांचा वाटा ४२ टक्के होता. म्हणजे या देणगीतील फार मोठा हिस्सा राज्यांच्या पैशातला होता. ही घोषणा झाली ती गोव्यात पणजी येथे, जेथे त्याच दिवशी सर्व राज्यांचे अर्थमंत्री कर परिषदेच्या बैठकीसाठी जमले होते! त्यांना कोणी विचारले नाही. याउलट उपकर आणि अधिभार हे राज्यांबरोबर वाटून घ्यावे लागत नाहीत. म्हणून २०११-१२ मध्ये केंद्राच्या एकूण करउत्पन्नात सुमारे १० टक्के असलेले त्यांचे प्रमाण २०२०-२१ मध्ये जवळजवळ दुपटीवर गेले. सवलत द्यावयाची ती सामाईक ताटातून, आणि स्वतःसाठी वाढून घ्यावयाचे ते निराळ्या ताटात.

भांडवलशाहीच्या माहेरघरी काय घडले, हे येथे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील जवळजवळ सर्व घटक राज्यांना आपला अर्थसंकल्प तुटीचा ठेवता येत नाही. त्यामुळे मंदीत तेथेही राज्येच प्रथम नोकरकपात करतात. २००९ साली ओबामा सरकारने ७८७ अब्ज डॉलरांचा जो कार्यक्रम आणला, त्यात राज्यांच्या शाळा व वैद्यकीय साहाय्य यांसाठी मोठी रक्कम होती. ती संपली आणि पुन्हा मिळाली नाही. पुढील काही वर्षांत राज्ये व नगरे यांच्या सेवेतील लाखो नोकऱ्या गेल्या आणि सारी अर्थव्यवस्थाच सावरावयास वेळ लागला. २०२० च्या वसंत ऋतूत पुन्हा सुमारे १५ लाख शिक्षक व नगरसेवकर्मी कामावरून दूर झाले, तेव्हा तेथील संसदेने तो धडा स्मरणात ठेवला. मार्च २०२१ च्या कायद्याने राज्ये, परगणे, शहरे आणि लहान गावे यांना मिळून ३५० अब्ज डॉलर दिले. त्यांपैकी सुमारे १३० अब्ज स्थानिक संस्थांना ठरलेल्या सूत्राने मिळाले. हे कर्ज नव्हते. कमी केलेले कर्मचारी परत घ्या, जोखमीचे काम करणाऱ्यांना जादा वेतन द्या, पाणी व गटारांची कामे करा, अशी त्यात मोकळीक होती. मात्र या पैशाच्या जोरावर कर कमी करू नका, ही अट होती आणि तिच्याविरुद्ध अनेक राज्ये कोर्टात गेली. सारेच काही आदर्श झाले असे नाही. अलाबामाने त्यातील ४० कोटी डॉलर तुरुंग बांधण्याकडे वळविले. तरीही अमेरिकन सरकारला समाजवादी म्हणण्याचा वेडेपणा कोणी करणार नाही. आणि त्या सरकारला जे साधले, ते घटनेच्या उद्देशिकेत समाजवादी हा शब्द लिहिलेल्या देशाला साधले नाही, एवढेच नमूद करतो.

येथवर जे लिहिले ते मुंबईच्या सत्ताधाऱ्यांस, मग ते कोणत्याही आघाडीचे असोत, गोड वाटेल. म्हणून पुढील गोष्ट सांगणे भाग आहे. दिल्ली राज्यांशी जशी वागते, तसेच मुंबई जिल्हा परिषदांशी आणि महापालिकांशी वागत आली आहे. जकात हा नगरपालिकांचा स्वतःचा कर होता. जकात नाक्यांवरील भ्रष्टाचाराची आठवण आम्हांलाही आहे. पण तो पैसा नगराचा होता. २०१७ साली मुंबईची जकात गेली आणि तिच्या जागी राज्याने कायद्याने ठरविलेली, दरसाल ८ टक्क्यांनी वाढणारी भरपाई आली. देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका दर महिन्याला मंत्रालयाच्या धनादेशाची वाट पाहू लागली. त्यानंतर निवडणुकाच थांबल्या. औरंगाबाद, नवी मुंबई, कोल्हापूर येथील सभागृहांची मुदत २०२० मध्ये संपली. मुंबई, पुणे आणि बहुतेक जिल्हा परिषदा यांची मार्च २०२२ मध्ये. आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचे खेळ आणि सत्तांतरे यांत वर्षांमागून वर्षे गेली. अखेरीस मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. तोपर्यंत कोट्यवधींचा कारभार एकट्या प्रशासकाच्या सहीने चालला. वित्त आयोगाचे अनुदान लोकनियुक्त संस्थेलाच मिळेल, अशी अट आहे आणि ती रास्त आहे. म्हणजे निवडणूक टाळणाऱ्या राज्यकर्त्यांनी जनतेचे मत आणि जनतेचा पैसा दोन्ही एकदम अडवून धरले. डॉक्टर लोहियांच्या चौखंभा राज्यात गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे चार खांब होते. आपण दोनच उभारले, आणि दुसरा पहिल्याला टेकवून ठेवला आहे.

लाडकी बहीण योजनेकडे बोट दाखवून राज्यांच्या हाती पैसा म्हणजे उधळपट्टी, असा युक्तिवाद केला जातो. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर २०२४ मध्ये ती योजना आली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण गरीब बाईच्या हाती १,५०० रुपये पडले यात आम्हांला गैर वाटत नाही. तिला कामाचा हक्क न देता केवळ हप्ता दिला, ही आमची तक्रार आहे. आणि कामाचा हक्क कसा द्यावा, हे या राज्याला कोणी शिकवावयास नको. १९७२-७३ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली. मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप आले. तिच्यासाठी पैसा कोठून आला? १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला आणि त्यातून जेवढे जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. शहरातील पगारदाराने खेड्यातील भूमिहीनाच्या मजुरीचा भार उचलला. पगारपत्रकावर दरमहा दिसणारी २०० रुपयांची ती ओळ पुष्कळांना आज कशासाठी आहे हेही ठाऊक नसते.

महाराष्ट्राच्या या अनुभवावरून २००५ चा राष्ट्रीय कायदा झाला. अकुशल कामाची सर्व मजुरी केंद्राने द्यावयाची, मागेल त्याला काम, आणि निदान निम्मी कामे ग्रामपंचायतींमार्फत. २०२० मध्ये केंद्राने जे काही केले, त्यात मंदीवर खराखुरा उपाय ठरला तो हाच. कारण मागणी वाढली तसा खर्चही वाढला. ६१ हजार ५०० कोटींच्या तरतुदीत ४० हजार कोटींची भर घालावी लागली आणि अकरा कोटींहून अधिक लोकांनी त्या वर्षी कामे केली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने तो कायदा बाजूला सारून नवा कायदा संमत केला. दिवस १०० वरून १२५ झाले, याची जाहिरात झाली. परंतु बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी आता ६०:४० अशी आहे. कोणत्या राज्याला किती रक्कम, हे केंद्र आधीच ठरविणार. आणि त्याहून अधिक खर्च झाला तर तो सारा राज्याने सोसावयाचा. म्हणजे पुढच्या दुष्काळात किंवा मंदीत, उत्पन्न आटलेले असताना, मजुरांची रांग वाढेल तसतसा भार वाढत जाईल तो राज्यावर. अशा वेळी राज्ये काय करतात, हे ४ मे २०२० च्या शासन निर्णयात लिहिलेले आहे.

सोळाव्या वित्त आयोगाचा काळ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. मंदीच्या वर्षी राज्यांना आणि त्यांच्यामार्फत न जाता थेट स्थानिक संस्थांना, लोकसंख्या व बेकारी यांच्या सूत्राने, वेतनासाठीही वापरता येईल असे अनुदान आपोआप मिळावे, ही मागणी समाजवादी चळवळीने आता नेटाने मांडावयास हवी. उपकर-अधिभारांना वाटपयोग्य निधीत आणण्याची मागणी तर तिच्याबरोबर आलीच. आणि तोपर्यंत विधिमंडळातील आमच्या मित्रांनी एक साधा प्रश्न विचारावा: रोजगार हमीच्या ४० टक्क्यांसाठी राज्याच्या अर्थसंकल्पात किती रक्कम ठेवली आहे, आणि दुष्काळ पडला तर व्यवसाय कराची जमा तिच्यासाठी राखून ठेवणार की नाही?